उंच पोरांना वेळ लागतो

पंधराव्या वर्षी, एकाच हिवाळ्यात, वॉरिक डनस्टन पाच इंच वाढला. यारमला त्याच्या बापाच्या गोठ्यात ऐंशी गाई होत्या, आणि दूध काढायच्या शेडची आडवी तुळई रोज पहाटे त्याच्या कपाळाला लागायची. आईने विजारींची दुमड उसवली, मग खाली वेगळं कापड जोडलं, मग हात टेकले. गावातले लोक दिसेल तिथे विचारायचे, "काय रे, वर हवा कशी आहे?" तो हसायचा. काय उत्तर द्यावं हे त्याला कधीच सुचलं नाही.

सतराव्या वर्षी मेलबर्नच्या एका क्लबची माणसं मोटारीने आली, आईच्या हातचा चहा प्याली आणि त्याला घेऊन गेली. तिकडचा फुटबॉल हातांनीही खेळतात; त्यात पंच चेंडू मैदानाच्या मधोमध जोरात आपटतो, तो उंच उसळतो, आणि दोन्ही बाजूंचा एकेक धिप्पाड गडी उडी मारून तो आपल्या माणसाकडे ढकलायला बघतो. त्या गड्याला रकमन म्हणतात. संघात अठरा माणसं, पण रकमन एकच. वॉरिकच्या क्लबचा रकमन तिशीतला होता आणि त्याला साधी सर्दीसुद्धा व्हायची नाही. वॉरिक सहा वर्षं राखीव संघात खेळला. पहिल्या संघातून एकूण एकोणीस सामने. तेविसाव्या वर्षी क्लबचं पत्र आलं. त्यात आभार मानले होते.

मग तो लोकरीच्या गोदामात लागला. सव्विसाव्या वर्षी एका सकाळी लोकरीचा गठ्ठा ढकलताना तो एकाएकी थांबला. रोज दोघांनी लावायचा जोर आज त्याने एकट्याने लावला होता, आणि श्वासही चढला नव्हता. खांदे भरले होते, पाठ दुखायची थांबली होती. आता कोणीही समोर आला असता तरी त्याने त्याला रेटला असता. हवी होती ती ताकद आली होती, फक्त ती मागणारं आता कोणी उरलं नव्हतं. तो गठ्ठा जागेवर लावून दुसरा आणायला गेला.

ही गोष्ट त्याने फक्त बायकोला सांगितली होती, तीही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. कोराली दवाखान्यात एक्स-रे काढायची. ती म्हणाली होती, "मग जाऊन सांगायचं होतंस ना त्यांना."

"काय सांगू? आता पिकलोय, या म्हणून?"

गोदाम बंद पडलं तेव्हा वॉरिक चोपन्न वर्षांचा होता. शहराच्या पश्चिमेकडच्या एका क्लबने त्याला आठवड्यातून दोन दिवस उंच पोरांना शिकवायला बोलावलं. तिथे सगळे त्याला वॉका म्हणायला लागले. त्याच सुमारास कोरालीचे सांधे धरायला लागले. मेलबर्नची थंडी तिला सोसेना. मुलगी केरिन उत्तरेला, उबदार क्वीन्सलँडमध्ये हर्वी बे इथे राहत होती. कोराली तिच्याजवळ गेली. "हा हंगाम संपला की येतोच," वॉरिक म्हणाला. असे आठ हंगाम गेले. न्यूपोर्टच्या घरात तो एकटाच राहिला. दर रविवारी संध्याकाळी दोघं फोनवर बोलायची.

"या वर्षी कोणता पोरगा आहे?" ती विचारायची.

"आहे एक. चांगला आहे. पण उंच पोरांना वेळ लागतो, कोराली. पाच वर्षं तरी."

"आणि पाच वर्षं झाली की दुसरा येतो. त्याला परत पाच."

यावर तो तिला हवामान विचारायचा.

या वेळचा पोरगा होता रूबेन पोल्नर. विमेराच्या गव्हाच्या मुलखातलं रेनबो हे त्याचं गाव. वय अठरा, उंची सहा फूट आठ इंच, वजन चौऱ्याऐंशी किलो. वाऱ्यावर सुकत घातलेल्या सदऱ्यासारखा चालायचा. पण उडी मारताना त्याचे डोळे चेंडूवरून हलत नसत आणि मनगट मऊ असे. हे शिकवून येत नाही. वॉरिकने त्याला एका गावच्या सामन्यात पाहिलं होतं, आणि क्लबने त्याला निवडल्यावर तो स्वतः साडेचार तास गाडी चालवत पोल्नरांच्या शेतावर गेला होता.

बाप क्लेम पोल्नर अबोल माणूस. दर रविवारी चर्चला जाणारा, शब्द मोजून वापरणारा. आई व्हेराने कोकराचं भाजलेलं मांस वाढलं. क्लेमने जेवण संपेपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाला, "मला तुमच्या खेळातलं कळत नाही. एवढंच सांगा, त्याला नीट घडवणार का?"

"घडवू. पण घाई करून चालणार नाही. पाच वर्षं लागतील."

"पाच," क्लेम म्हणाला. "शब्द देता?"

"देतो."

शब्द देणारा वॉरिक होता. पाळायचा होता क्लबला. हा फरक त्या दिवशी त्या टेबलाशी कोणाच्या ध्यानात आला नाही.

पहिल्या वर्षी रूबेनने पाच किलो वजन कमावलं आणि दीड इंच उंची. वॉरिकला वजनाचा आनंद झाला आणि उंचीची धास्ती वाटली. हाड अजून वाढतंय तोवर त्यावर भार टाकायचा नसतो. पण क्लबचा सराव बेतलेला होता बुटक्या, चपळ पोरांसाठी. सगळ्यांनी सारखं पळायचं, सारखं वळायचं. ती पोरं पहिल्याच वर्षी पहिल्या संघात जाऊन बसली. रूबेनला रकमनचं काम शिकायचं तर समोर तेवढाच उंच माणूस हवा. असा क्लबमध्ये एकच होता, एकतीस वर्षांचा, आणि त्याला शनिवारच्या सामन्यासाठी जपून ठेवलेलं असायचं. त्यामुळे सगळे आंघोळीला गेले की रिकाम्या मैदानाच्या कोपऱ्यात वॉरिक छातीशी गादी धरून स्वतःच उभा राहायचा आणि हा पोरगा त्याच्यावर गुडघा रोवून उडी घ्यायचा. शंभर वेळा, दीडशे वेळा. माळी दिवे मालवायला यायचा तेव्हा ओरडायचा, "ए खांबांनो, घरी जा आता!"

रूबेन आणखी दोन पोरांबरोबर भाड्याच्या घरात राहायचा. ती दोघं पहिल्या संघातली. त्यांना बोलावणी असायची, मैत्रिणी असायच्या. हा पलंगावर तिरका झोपायचा, कारण सरळ झोपलं की पाय बाहेर. आईला फोनवर सांगायचा, सगळं छान चाललंय. एका गुरुवारी सरावानंतर वॉरिकने विचारलं, "जेवलास का?"

"टोस्ट आहे घरी."

"टोस्टावर माणूस वाढतो का रे? चल."

तेव्हापासून दर गुरुवारी रूबेन न्यूपोर्टला जेवायला येऊ लागला. मटणाच्या चॉप, वाटाणे, बटाटे. रेडिओ लावलेला असायचा. दोघांनाही बोलायची हौस नव्हती. कधी रूबेन सांगायचा, पाऊस नाही म्हणून बापाने चण्याचं वावर सोडून दिलं. कधी वॉरिक टेबलावर मिठाची आणि मिरीची बाटली ठेवून, हा तू, हा तो, असं दाखवायचा. रूबेन ताटं धुवायचा. बुधवारी संध्याकाळी खाटकाकडे जाताना वॉरिक शीळ घालायला लागला होता. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी रूबेनच्या कमरेच्या मणक्याला तडा गेला. पाच महिने पळायचं नाही. याच काळात क्लबने मुख्य प्रशिक्षक बदलला. नव्याला दोन वर्षांचा करार मिळाला होता आणि त्याला तातडीने जिंकून दाखवायचं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्याने रूबेन बरा झाल्याबरोबर त्याला गोलाजवळ उभा केला, उंच आहे, वरचे चेंडू झेलेल म्हणून. सहा आठवड्यांनी बचावात टाकला. तिसऱ्या वर्षी परत रकमन केला, पण तोवर दुसऱ्या क्लबमधून तिशीचा एक तयार गडी आणला होता. पहिल्या संघात त्याची गरज नसे तेव्हा तो राखीव संघात खेळायचा, आणि रूबेन बाकावर बसायचा. तीन वर्षांत पहिल्या संघातून त्याला दोन सामने मिळाले.

"वॉका," एकदा ताट पुसता पुसता तो म्हणाला, "मी नक्की कोण आहे, ते कोणी ठरवलंय का?"

"तू रकमन आहेस."

"ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना?"

तिसरा हंगाम संपला. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं याची बैठक होती. खेळाडूंच्या याद्या बघणारा ग्लेन स्ट्रॅकन टेबलाच्या टोकाला होता. वॉरिकला पाच मिनिटं बोलू दिलं. त्याने सांगितलं, पाठ भरून आलीय, उंची थांबलीय, आता कुठे अंग धरेल, अजून दोन वर्षं द्या.

ग्लेन वाईट माणूस नव्हता. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "वॉका, तुझं बरोबर असेल. पण दोन वर्षांनी या खुर्चीत मी नसेन. हाही नसेल," त्याने मुख्य प्रशिक्षकाकडे बोट केलं. "मग आम्ही कोणासाठी थांबायचं?"

"पोरासाठी."

कोणीतरी पुढचं पान उलटलं.

उठताना ग्लेनने बजावलं, "शुक्रवारी त्याला बोलावून सांगतो. तोवर तोंडातून अक्षर काढू नकोस. नियम आहे."

मधे गुरुवार होता.

रूबेन नेहमीसारखा आला, दारातून वाकून. त्या दिवशी मात्र तो कधी नव्हे तो बोलत सुटला. उन्हाळ्यात किती वजन वाढवायचं, गावी बापाच्या शेडमध्ये काय काय उचलायचं, सगळं एका कागदावर मांडून आणलं होतं. "पंच्याण्णव झालं ना वॉका, की मग कोण हलवतं मला बघू!" वॉरिकने कागद हातात घेतला, वाचल्यासारखं केलं. "चांगलं आहे," म्हणाला. आणखी एक चॉप त्याच्या ताटात टाकली. स्वतःचं ताट त्याने तसंच बाजूला सारलं. दारात रूबेनने विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

"गुडघा," वॉरिक म्हणाला.

शुक्रवारी दहा मिनिटांत उरकलं. वॉरिक मैदानावर पोचला तेव्हा रूबेनचं कपाट रिकामं होतं. त्याने फोन लावला, उचलला गेला नाही. परत लावायचा धीर झाला नाही.

रेनबोला जायला त्याला आठ आठवडे लागले. रोज उठून ठरवायचा, रोज काहीतरी काम काढायचा. शेवटी नोव्हेंबर संपता संपता, तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, निघाला. गहू कापणीला आला होता. वारा कोरडा आणि धुळीचा. क्लेम अंगणात धान्याच्या ट्रकच्या ताडपत्रीचा दोर आवळत होता. त्याने वळून पाहिलं आणि दोर हातातच धरून ठेवला.

"पाच म्हणाला होतात," क्लेम म्हणाला. "तीन झाली."

"हो. मी शब्द दिला होता. तेच सांगायला आलो."

"सांगितलंत." क्लेमने दोर बांधून टाकला. मग म्हणाला, "चहा घ्या. व्हेरा आहे आत. पोरगा दुपारी यंत्रावरून उतरेल."

वॉरिक चहाला आत गेला नाही. तो शेताच्या कडेने चालत गेला. कापणीचं यंत्र त्याच्यापाशी येऊन थांबलं, घरघर बंद झाली. रूबेन शिडीवरून उतरला. भुवयांवर भुसा, मान भाजलेली. दोघं यंत्राच्या सावलीत उभे राहिले. सावलीत दोघं मावत नव्हते.

"त्या गुरुवारी तुम्हाला माहीत होतं?" रूबेनने विचारलं.

"होतं."

"आणि मी तो कागद दाखवत बसलो."

नियम होता, असं सांगायला वॉरिक साडेचार तास गाडी चालवत आला नव्हता.

रूबेनने हातमोजे काढले, परत घातले. मग खाली बघत म्हणाला, "मला एकच विचारायचंय. तुम्हाला खरंच माझ्यात काही दिसत होतं का? की गुरुवारी जेवायला कोणीतरी हवं होतं?"

त्याचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. वॉरिकला दुसऱ्या प्रश्नाला सरळ नाही म्हणता आलं असतं. पण त्याला बुधवारचं खाटकाचं दुकान आठवलं, ती शीळ आठवली, आणि टेबलावर मांडलेली दोन ताटं.

"दोन्ही," तो म्हणाला.

रूबेनने मान हलवली. "बरं," म्हणाला. "मला अजून हे वावर उरकायचंय." आणि शिडी चढून गेला.

परतीच्या वाटेवर वॉरिकने रेडिओ लावला नाही.

पुढच्या वर्षाअखेर क्लबने त्यालाही निरोप दिला. उंच पोरांना आता पहिल्या संघातून निवृत्त झालेला एक तरुण बघणार होता, जमेल तसा. ग्लेनची खुर्ची तेव्हा खरंच दुसऱ्याकडे होती. वॉरिकला एक चौकट दिली, तिच्यात फोटो. कोरालीने त्या रविवारी विचारलं, "मग आता?"

"घराला रंग द्यायचा राहिलाय. तो झाला की."

रंग त्याने एकट्याने दिला, सावकाश. मग कुंपण. मग काही उरलं नाही तरी तो राहिला. तो काय मोजत होता हे त्याने कोरालीला सांगितलं नाही. रूबेनचं पाचवं वर्ष चालू होतं.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी तो पुन्हा विमेराला गेला. गावच्या मैदानाभोवती गाड्या नाक आत करून लागल्या होत्या, बायका गाडीत बसून विणत होत्या, शेजारच्या आवारात मुलींचा नेटबॉल चालला होता. वॉरिकने खिमा भरलेला एक मीट-पाय घेतला, वर टोमॅटो सॉस, आणि दूरच्या गोलामागे, जिथे कोणी नव्हतं, तिथे उभा राहिला.

पंचाने चेंडू आपटला. रूबेन तीन पावलं धावत आला, समोरच्या गड्याच्या अंगावर गुडघा टेकवून उठला, आणि वर गेल्यावर क्षणभर तिथेच थांबल्यासारखा दिसला. मग मनगट वळलं. चेंडू जणू सांगून ठेवल्यासारखा त्याच्या माणसाच्या हातात पडला. वॉरिकच्या हातातला मीट-पाय तसाच राहिला. पोरगा शंभर किलोच्या घरात गेला होता. खांदे भरले होते. कोपऱ्यातल्या दीडशे उड्या, गादी, मिठाची बाटली, सगळं त्या अंगात उतरलं होतं. गोल झाला की गाड्यांचे हॉर्न वाजायचे. वॉरिकने आजूबाजूला बघितलं. शेजारी एका म्हाताऱ्याचा कुत्रा होता, तेवढाच.

सामना संपल्यावर रूबेन त्याच्याकडे आला. त्याने पाहिलं होतं, पहिल्या डावापासून.

"या उंचीचा माणूस लपत नाही हो वॉका," तो म्हणाला, आणि हात पुढे केला. तळवा खरखरीत, जड.

"तू तयार झालास," वॉरिक म्हणाला. "बरोब्बर. आता."

"ॲडलेडच्या एका क्लबचा फोन आला होता, जूनमध्ये."

"मग?"

"नको म्हणालो."

वॉरिकच्या ओठांवर आलं, दोनच वर्षं दे. त्याने ते गिळलं.

रूबेनने कपाळ पुसलं. "तिथे तीन वर्षं मला कळलं नाही, मी चांगला खेळलो की वाईट. इथे शनिवारी खेळतो आणि संध्याकाळी मांस भाजताना सगळं गाव मला सांगतं काय चुकलं. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. पेरणी मीच केली यंदा." त्याने वॉरिककडे पाहिलं. "तुम्हाला वाईट वाटलं का?"

"वाटलं," वॉरिक म्हणाला. "पण ते माझं माझ्यापाशी."

"थांबा ना. जेवून जा. आई विचारते अधूनमधून."

"पुढच्या वेळी," वॉरिक म्हणाला. पुढची वेळ येणार नाही हे दोघांनाही समजलं असावं, कारण रूबेन गाडीपर्यंत सोडायला आला आणि दार लावून घेतल्यावरही छतावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

त्या वर्षी न्यूपोर्टचं घर विकलं गेलं. हर्वी बेला कोरालीने त्याच्यासाठी लांब पलंग करून घेतला होता. पण एकटीने राहायची तिची घडी बसलेली होती. न्याहारी कधी, खिडक्या कधी, कपबश्या कुठे. तो काहीही जागचं हलवण्याआधी विचारायचा आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, "अरे, विचारतोस काय, तुझंच घर आहे." दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखं चांगलं वागत. दुपारी ती केरिनच्या मुलांकडे जायची, तो समुद्रात लांबवर गेलेल्या लाकडी धक्क्यावर चालत जायचा आणि गळ टाकून बसलेल्या लोकांकडे बघायचा.

तिकडे लोक रग्बी खेळतात. रकमन म्हणजे काय, हे तिथे फारसं कोणाला ठाऊक नाही. पहिल्याच आठवड्यात दूध-पाव घ्यायला गेला, तर गल्ल्यावरच्या मुलीने मान वर करून करून त्याच्याकडे पाहिलं.

"केवढे उंच हो तुम्ही! बास्केटबॉल खेळायचात का?"

मागे रांग होती. वॉरिकने सुटे पैसे खिशात टाकले.

"हो," तो म्हणाला, "थोडंफार."